नाना चौक ते मानखुर्द: होमी भाभा केंद्राची वाटचाल

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले, तेही मुंबईच्या नाना चौकातल्या महापालिका शाळेत. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि प्रा. भा. मा. उदगावकर या भौतिकशास्त्रज्ञांचा त्यात पुढाकार होता. पालिका शाळांतली आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा भागातली मुले विज्ञानात कुठे अडतात, हे समजून घेणे हे केंद्राचे पहिले काम. पुढे मानखुर्दला स्वतःची वास्तू उभी राहिली.

शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड स्पर्धेत भारत १९८९ साली राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पुढाकाराने उतरला होता. विज्ञान ऑलिंपियाडची धुरा मात्र होमी भाभा केंद्राने उचलली. प्रा. अरविंद कुमार संचालक असताना, १९९८ मध्ये, भारताचा पहिला भौतिकशास्त्र संघ आइसलँडला गेला. १९९९ मध्ये रसायनशास्त्राचा आणि २००० मध्ये जीवशास्त्राचा संघ गेला.

भौतिकशास्त्राचा संघ निवडण्यासाठी भारतीय भौतिकी शिक्षक संघ जी पहिली परीक्षा घेतो, तिला हजारो मुले बसतात. पुढे राष्ट्रीय फेरी, मग मानखुर्दचे शिबिर आणि शेवटी पाच जणांचा संघ. या शिबिराचे खरे मोल प्रयोगशाळेत आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ५० पैकी २० गुण प्रयोगाला असतात. कागदावर तरबेज असलेल्या मुलांना इथे नोंदी किती आणि कुठे घ्यायच्या, मापनातली त्रुटी कशी काढायची, हे स्वतःच ठरवावे लागते. पाठांतर तिथे कामी येत नाही.

२०१५ मध्ये भौतिकशास्त्राचे ऑलिंपियाड मुंबईत भरले. ऐंशीहून अधिक देशांची मुले आली. त्यातला एक प्रयोग होता बारीक स्प्रिंगवर लेसर टाकून मिळणाऱ्या आकृतीवरून तिची मापे काढण्याचा. डीएनएची सर्पिल रचना क्ष-किरणांच्या ज्या आकृतीतून उमगली, तिच्यामागचे तत्त्व मुलांच्या टेबलावर आले. त्यासाठी शेकडो एकसारखे संच लागले. २०१८ मध्ये लिस्बनला भारताच्या पाचही विद्यार्थ्यांनी सुवर्णपदक मिळवले.

या यशाचा अभिमान वाटतोच. पण प्रयोगातून शिकण्याची संधी निवडक मुलांपुरती राहिली, तर नाना चौकात घेतलेला वसा अर्धाच पुरा होईल. असे स्वस्त, नेमके संच जिल्ह्याजिल्ह्यातल्या शाळांत पोहोचावेत, ते हाताळणारे शिक्षक तयार व्हावेत. पुढच्या वाटचालीचे यश त्यावरच मोजायला हवे.