फोर्ट विल्यम आणि भिंतीपलीकडचा आवाज

मराठी माणूस नोकरीनिमित्त परप्रांतात गेला, की भाड्याच्या घराबरोबर त्याला शेजारही पत्करावा लागतो. बदलीच्या नोकरीत मीही नाना तऱ्हेचे शेजार अनुभवले. रात्री अकरा वाजता गॅलरीत ध्वनिवर्धक लावणाऱ्याला विनंती केली, की "तुम्ही तर भाडेकरू" हे उत्तर ठरलेले. या उत्तराला कायद्याचा आधार आहे काय, याचा शोध घेताना मी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमपाशी पोहोचलो.

फोर्ट विल्यम हा नुसता किल्ला नव्हे. कंपनीच्या बंगाल इलाख्याचे, आणि पुढे 1862 साली सुरू झालेल्या कलकत्ता उच्च न्यायालयाचेही अधिकृत नाव त्यावरूनच पडले. (या किल्ल्याचे 'विजय दुर्ग' असे नामांतर झाल्याचे 2025 साली जाहीर झाले. ज्या मराठ्यांच्या धास्तीने 1742 साली कलकत्त्याभोवती खंदक खणला गेला, त्यांच्याच सिंधुदुर्गातील किल्ल्याचे हे नाव! असो.)

मेकॉलेच्या आयोगाने दंडसंहितेचा मसुदा 1837 साली सादर केला. कायदा कलकत्त्यातच 1860 साली संमत झाला. त्याच्या कलम 268 मध्ये सार्वजनिक उपद्रव म्हणजे परिसरात राहणाऱ्या किंवा तेथील मालमत्ता ताब्यात असणाऱ्या सर्वसाधारण लोकांना होणारा त्रास, असे म्हटले होते. यातला 'राहणाऱ्या' हा शब्द मला मोलाचा वाटतो. घर कोणाच्या नावावर आहे, हे कलम विचारतच नाही. मात्र त्रास 'लोकांना' व्हायला हवा. एकट्याची झोप उडणे पुरेसे नव्हे. शिवाय कलम 290 अन्वये दंड जास्तीत जास्त 200 रुपये. 1860 साली ही रक्कम जबर होती. 2024 च्या जूनअखेरपर्यंत ती तेवढीच राहिली. भारतीय न्याय संहितेने ती 1000 केली.

एकट्या श्रोत्याची बाजू याच उच्च न्यायालयाने उचलून धरली. 1996 साली न्यायमूर्ती भगवतीप्रसाद बॅनर्जी यांनी ध्वनिवर्धकाच्या प्रकरणात स्पष्ट केले, की कोणालाही सक्तीचा श्रोता बनवता येत नाही. 2000 सालच्या केंद्रीय नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. ती 10 डेसिबलने ओलांडली गेली किंवा रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील निर्बंध मोडले, तर कोणतीही व्यक्ती तक्रार करू शकते.

भाडेकरू तरीही गप्प बसतो. त्याला भीती शेजाऱ्याची नसून अकरा महिन्यांच्या कराराची असते, आणि त्यावर या नियमांत उपाय नाही. म्हणून मी पंधरा दिवस वेळांची नोंद ठेवली आणि अर्जावर तीन घरांच्या सह्या घेतल्या. पैकी दोन मालकांच्या होत्या. त्याच आठवड्यात ध्वनिवर्धक बंद झाला. ढोलक मात्र चालू राहिला.