कमानपाट्यापासून कॉइलओव्हरपर्यंत

आमचे कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्व्यांनी 1900 मध्ये आश्रम इथे आणला, तेव्हा ते पुण्याहून रोज पायी येत. त्या काळच्या टांग्यांना कमानपाटे असत. ते वजन पेलत आणि पात्यांच्या घर्षणाने हेलकावाही रोखत. दोन्ही कामे एकाच अवयवाकडे.

मोटारीत पुढे ही कामे विभागली गेली. वजन स्प्रिंगने पेलायचे, हेलकावा शॉकअ‍ॅब्सॉर्बरने थोपवायचा. 1998 साली पिंपरीच्या कारखान्यातून आलेल्या इंडिकात मागच्या चाकांना शॉकअ‍ॅब्सॉर्बरवरच स्प्रिंग बसवलेली होती. कॉइलओव्हरची मूळ कल्पना हीच. उंची बदलता येणाऱ्या प्रकारात शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या नळीवर आटे असतात. स्प्रिंगखालचे कडे फिरवले की गाडी वर-खाली होते.

गेल्या वर्षी भाच्याने असा संच बसवून गाडी बरीच खाली घेतली. कर्वेनगरातल्या पहिल्याच गतिरोधकावर मागे बसलेली माझी आई कळवळली. भाचा म्हणाला, “मामा, स्प्रिंग कडक आहे ना, म्हणून.” आम्ही गाडीखाली पाहिले, तर कारण निराळे होते. गाडी खाली आल्याने चाकाला वर सरकायला जागाच उरली नव्हती. शॉकअ‍ॅब्सॉर्बर टोकाच्या रबरावर आपटत होता. स्प्रिंग तीच ठेवून कडी वर घेतली, तेव्हा आई पुन्हा गाडीत बसू लागली.

गाडी किती उंच ठेवायची, हे पूर्वी कारखाना ठरवी. आता ते मालकाच्या हाती आले आहे. कड्याला पाना लावण्याआधी मागच्या सीटवर कोण बसते, हे त्याने पाहावे.