रेडिओ उंचीमापक

जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या रेडिओलहरींवरून विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणारे उपकरण. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९३८ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक केले. ते ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालते, स्वयंचलित अवतरण व भूसान्निध्य इशारा त्याच्या वाचनावर विसंबतात (पहा : वायुदाब उंचीमापक, स्वयंचालक). चुकीचे वाचन थेट नियंत्रणात उतरणे हा मुख्य धोका. २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲम्स्टरडॅमजवळ टर्किश एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-८०० मधील डाव्या उंचीमापकाने विमान हवेत असतानाच उणे ८ फूट उंची दाखवली. उजव्याचे वाचन योग्य होते. मात्र स्वयंचलित थ्रॉटल डाव्यावर अवलंबून असल्याने इंजिनांची शक्ती किमान पातळीवर आली. वेग घटल्याचे वैमानिकांच्या वेळीच लक्षात आले नाही. विमान धावपट्टीअलीकडे कोसळून ९ जण मृत्युमुखी पडले. २०२२ मध्ये अमेरिकेत लगतच्या पट्ट्यातील ५जी सेवेमुळे व्यत्ययाच्या शक्यतेवरून काही विमानांच्या कमी दृश्यमानतेतील अवतरणावर निर्बंध आले.