हेलिकॉप्टरमधील रडार उंचीमापकाची देखभाल

रडार उंचीमापक अथवा रेडिओ अल्टिमीटर हे हेलिकॉप्टर वा विमान खालील जमिनीपासून किंवा पाण्यापासून किती उंचीवर आहे, हे रेडिओ लहरींच्या साहाय्याने मोजणारे उपकरण आहे. वायुदाबावर चालणारा उंचीमापक सामान्यतः समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. खाली डोंगर आला तरी त्याचा आकडा बदलत नाही. त्यामुळे अंधारात, धुक्यात किंवा उडत्या धुळीत उतरताना रडार उंचीमापक महत्त्वाचा ठरतो.

रचना व कार्य

हलक्या हेलिकॉप्टरमधील संचात प्रक्षेपक-ग्राहक, हेलिकॉप्टरच्या खालच्या बाजूस बसवलेले अँटेना, त्यांना जोडणाऱ्या केबल आणि वैमानिकासमोरील दर्शक हे भाग असतात. ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहर जमिनीवरून परावर्तित होऊन येण्यास लागणाऱ्या वेळेवरून उंची काढली जाते. एक फूट उंचीसाठी लहरीच्या जाण्यायेण्याला सुमारे २ नॅनोसेकंद लागतात. म्हणून केबलमधून जाण्यास लागणारा वेळही हिशेबात धरावा लागतो.

तपासणी

दर्शकावरील चाचणीचे बटण दाबल्यावर ठरावीक आकडा दिसणे अपेक्षित असते. मात्र अनेक संचांत या चाचणीत अँटेना व केबल तपासल्या जात नाहीत. चिखल, तेल, बर्फ, अँटेनावर चढवलेला अयोग्य रंग, तसेच सैल किंवा ओलसर जोडण्या यांमुळे संकेत क्षीण होतो. खाली लटकवलेल्या मालावरून लहर परतल्यासही चुकीची उंची दिसू शकते.

बदल व जुळवणी

केबल मूळ लांबीचीच बसवावी लागते. ती एक मीटरने वाढल्यास आकडा साधारण पाऊण मीटरने फुगतो, म्हणजेच हेलिकॉप्टर प्रत्यक्षापेक्षा उंच असल्याचे भासते. कोणताही भाग बदलल्यावर उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार जुळवणी करून जमिनीवर उभे असतानाचा आकडा तपासला जातो. भारतात हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेली संस्था करते आणि परवानाधारक अभियंत्याने प्रमाणित केल्यावरच हेलिकॉप्टर सेवेत येते.

चुकीच्या आकड्याचा धोका

बंद पडलेले उपकरण लक्षात येते. चुकीचा आकडा मात्र खरा मानला जाऊ शकतो. २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲमस्टरडॅमजवळ तुर्की एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान कोसळून ९ जणांचा मृत्यू झाला. विमान सुमारे १,९५० फुटांवर असताना डावा उंचीमापक उणे ८ फूट दाखवू लागला व स्वयंचलित यंत्रणेने इंजिनांची शक्ती कमी केली. घटलेला वेग वैमानिकांच्या वेळीच लक्षात आला नाही.

नियम

अमेरिकेत भाडेतत्त्वावरील व्यावसायिक सेवेतील हेलिकॉप्टरांना २०१७ पासून रडार उंचीमापक बंधनकारक आहे. हे उपकरण बसवणे शक्य नसलेल्या, २,९५० पौंडांपर्यंत कमाल उड्डाण-वजनाच्या हलक्या हेलिकॉप्टरांना सवलत मिळू शकते.