पुराची आठवण आणि घराचा भाव

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी, बांधकाम पूर्ण होण्याआधीच पानशेतचे धरण फुटले आणि दुपारपर्यंत खडकवासल्याची भिंतही कोसळली. मुठेकाठच्या शनिवार, नारायण आदी पेठांतील वाडे पाण्यात गेले; हजारो कुटुंबे बेघर झाली. पुण्याच्या इतिहासात हा दिवस दुर्घटना म्हणून नोंदला जातो. परंतु पुणेकरांनी पुढे घर कोठे करावे, हेही त्या पुराने ठरविले. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि पेठांतच वाढलेल्या माणसांनी तेथे नव्याने संसार मांडले.

अशी भीती किती काळ टिकते? याचे मोजमाप अमेरिकेत झाले आहे. जॉर्जिया राज्यातील अल्बनी शहराला जुलै १९९४ मध्ये फ्लिंट नदीच्या पुराने वेढले. त्या परिसरातील घरांच्या विक्रीच्या नोंदी तपासून अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखविले, की पुरानंतर पूरक्षेत्रातील घरांचे भाव घसरले खरे; परंतु ४ ते ९ वर्षांत ती घसरण नाहीशी झाली. नदी तीच, काठही तोच. ओसरली ती केवळ आठवण. घराच्या भावात धोका मोजला जात नाही, ताजी भीती मोजली जाते, असेच आपल्याला म्हणावे लागते.

आपल्या राज्यात पाटबंधारे खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते : २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. ‘१०० वर्षांतून एकदा’ या शब्दांनी घर घेणारा निर्धास्त होतो. वस्तुतः असा पूर कोणत्याही वर्षी येऊ शकतो. ३० वर्षे तेथे राहणाऱ्याला तो गाठण्याचा संभव जवळजवळ चारांत एक इतका असतो.

२५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले, तेव्हा पानशेतला ६३ वर्षे लोटली होती. भिंतीवरची पाण्याची खूण रंगाच्या एका हाताने पुसता येते. म्हणून आयुष्याची पुंजी घालण्यापूर्वी आपण पूररेषेचा नकाशा पाहावा आणि पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे तेथील वृद्धांना विचारावे. ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांनीही नव्या शेजाऱ्यापासून ते लपवू नये.