इतवारी (नागपूर)
नागपूरच्या जुन्या शहरातील बाजारपेठ व वस्ती. तिची पूर्वपीठिका व्यापाराइतकीच शेतीची आहे. शहराच्या पश्चिमेकडील लाव्हा टेकड्यांत उगम पावणाऱ्या नाग नदीच्या काठी, ‘राजापूर बारसा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या होत्या. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी, रूढ समजुतीप्रमाणे 1702 मध्ये, त्या जोडून नागपूर वसवले. त्याने जमिनी देऊन बाहेरून कष्टाळू शेतकरी व कारागीर आणले. त्यांत हिंदू होते, तसेच मुसलमानही. या प्रदेशाची लागवड त्यामुळे वाढली. नागपूरच्या इतिहासात गोंड राजांचे हे श्रेय नंतर सत्तेवर आलेल्या भोसल्यांच्या वैभवाआड झाकले जाते, ते योग्य नव्हे.

बख्तबुलंदचा वारस चांद सुलतान याने येथे राजधानी आणली, शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव (आजचा गांधीसागर) बांधला. 1743 पासून रघूजी भोसले पहिले यांची सत्ता दृढ झाली. मराठी कुटुंबे आली, कोष्टी विणकरांचा व्यवसाय वाढला आणि आठवड्याच्या वारांवर भरणाऱ्या बाजारांभोवती पेठा रुजल्या. इतवारी ही त्यांपैकी रविवारची.

आज येथे धान्य, किराणा, कापड व सराफीचा घाऊक व्यापार चालतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या (वाईट शक्तींच्या प्रतीकात्मक पुतळ्यांच्या) मिरवणुकीलाही इतवारीत मोठी गर्दी लोटते.