पाथरीचे कुलकर्णी आणि अहमदनगरचे सुलतान

आमच्या एका चाचांनी गेल्या ईदला बैठकीच्या खोलीत शजरा लावला. काचेची फ्रेम, हिरवा कागद, सोनेरी अक्षरं. सर्वात वर अरबस्तानातलं एक थोर नाव, सर्वात खाली चाचांचे नातू. खालच्या चार पिढ्या मला ठाऊक आहेत. आमचे पणजोबा निफाडकडच्या एका गावात मुलाणी होते. मशिदीची झाडलोट, गावाचा बकरा कापणं, सुगीला खळ्यावर बलुतं. त्यांच्या वरची ओळ मात्र एकदम बगदादला जाते. मी विचारलं, "चाचा, मुलाणकी कुठे गेली?" चाचा म्हणाले, "वो लिखने की क्या जरूरत है?"

त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात एका मुलानं विचारलं, "सर, आपण बाहेरून आलो का?" मैदानावर त्याला कुणीतरी तसं सुनावलं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि चाचांची फ्रेम आठवली. मैदानावरचा तो पोरगा जे हिणवून म्हणत होता, तेच आम्ही सोनेरी शाईत लिहून भिंतीवर टांगलं होतं.

वर्गात मी मग निजामशाहीची गोष्ट सांगितली. इथेही तीच सांगतो, जरा सविस्तर.

नाशिककरांना निजामशाही परकी नाही. शहाजीराजांनी १६३६ मध्ये मोगलांच्या हवाली केलेल्या किल्ल्यांत आपला त्र्यंबकही होता, आणि त्याबरोबर हे घराणं संपलं. सुरुवात १४९० ची. जुन्नरच्या मलिक अहमदनं बहमनी फौजेचा पराभव करून स्वतंत्र राज्य उभं केलं आणि १४९४ मध्ये स्वतःच्या नावानं अहमदनगर वसवायला घेतलं. इतकं पाठ्यपुस्तकात असतं. अहमदचे वडील मलिक हसन कोण, हे सहसा नसतं.

फिरिश्ता लिहितो की हसन जन्मानं ब्राह्मण, नाव तिमाभट, वडिलांचं नाव बहिरव. घराणं मूळ पाथरीचं, आजच्या परभणी जिल्ह्यातलं, तिथलं कुलकर्णीपण त्यांच्याकडे. काही अडचणीमुळे ते विजयनगरच्या मुलखात गेले. अहमदशाह बहमनीच्या स्वारीत हा मुलगा कैद झाला, मुसलमान झाला आणि शाही गुलामांत वाढला. इथे गोड बोलून पुढे सरकणं बरं नाही. एका लहान मुलाला लढाईत पकडून आणलं होतं, त्याची मर्जी कुणी विचारली नव्हती. पण गोष्ट तिथे थांबत नाही. मुलगा हुशार निघाला, शहजाद्याबरोबर फारसी आणि अरबी शिकला, वाढत वाढत तेलंगणाचा सुभेदार झाला, शेवटी राज्याचा मुख्य वजीर. या वाटेवर महमूद गावानसारख्या कर्तबगार वजिराचा १४८१ मध्ये बळी गेला, आणि त्या कटात हसनचा हात होता. १४८६ मध्ये बीदरला त्याचाही खून झाला. संत नव्हता तो.

त्याला 'बहरी' म्हणत. बहरी म्हणजे ससाणा, आणि तो शहजाद्याचे शिकारी पक्षी सांभाळायचा असं एक स्पष्टीकरण आहे. फिरिश्ता दुसरंही देतो: बापाच्या नावावरून त्याला हसन बहिरव म्हणत, शहजाद्याच्या जिभेला ते वळेना, म्हणून बहरी. मला हे दुसरं जास्त पटतं. वर्गात नावांची हजेरी घेताना जिभा काय करतात, हे मी रोज ऐकतो. म्हणजे अहमदनगरच्या सुलतानांच्या नावात एक मराठी बाप लपून बसला होता.

युरोपातल्या हाब्सबुर्ग घराण्याचं असंच आहे. पुढे ऑस्ट्रिया आणि स्पेनवर राज्य केलेलं हे घराणं आजच्या स्वित्झर्लंडमधल्या आरगाऊ भागातल्या अकराव्या शतकातल्या एका छोट्या गढीतून निघालं. गढीचं नाव ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यावरून पडलं असं परंपरा सांगते, तर काही अभ्यासक म्हणतात, पक्षी वगैरे काही नाही, नदी ओलांडायच्या उतारावरून पडलं. पण गढीवाल्या सरदारांना सम्राट झाल्यावर गढी पुरेना. सम्राट माक्सिमिलियननं विद्वान कामाला लावले. याकोब मेनेल नावाच्या त्याच्या पंडितानं वंशावळ थेट ट्रॉयच्या वीरांपर्यंत नेली. तो ग्रंथ १५१८ मध्ये पुरा झाला.

आमच्याकडे कोण मागे होतं? बहमनी सुलतानांनी आपलं मूळ इराणच्या बहमन राजाला जोडलं. विजापूरचा यूसुफ आदिलशाह तर उस्मानी सुलतान मुरादचा मुलगा ठरला, भावाच्या तलवारीतून आईनं वाचवलेला. ही गोष्ट मोठ्या रंगानं कोण सांगतो? तोच फिरिश्ता, कारण तो लिहीत होता विजापूरच्या दरबारात. धन्याला तुर्की शहजादा आणि शेजाऱ्याला कुलकर्ण्याचा कैदी मुलगा, अशी वाटणी. म्हणून त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मात्र एक लक्षात घ्यावं लागतं: तो लहानपणापासून अहमदनगरात वाढला, त्याचे वडील तिथे शहजाद्याचे शिक्षक होते, आणि विजापूरला तो गेला १५८९ मध्ये. निजामशाही वाड्यात काय बोललं जातं, हे त्यानं ऐकलेलं असणार.

अहमदनगरच्या दरबारानं आपली बखर वेगळी लिहून घेतली. दुसऱ्या बुरहान निजामशाहच्या आश्रयानं सय्यद अली तबातबानं 'बुरहान-ए-मआसिर' लिहिलं, आणि त्यात मलिक अहमद हा बहमनी सुलतानाचाच मुलगा ठरतो. पाथरी गेली, बहिरव गेला. आमच्या चाचांना सय्यद अली फार आवडला असता.

कागदावरचं हे सगळं बाजूला ठेवून पाथरीकडे पाहावं लागतं. मलिक अहमदचा मुलगा, पहिला बुरहान, गादीवर असताना त्याचे ब्राह्मण भाऊबंद अहमदनगरला आले. त्यांचं म्हणणं, आमचं पाथरीचं वतन आम्हाला परत मिळवून द्या. पाथरी होती वऱ्हाडच्या इमादशाहीकडे. बुरहाननं निरोप पाठवला: पाथरी द्या, बदल्यात याहून जास्त उत्पन्नाचा मुलूख घ्या. अलाउद्दीन इमादशाहनं नकार दिला आणि उलट तिथे किल्ला बांधायला काढला. तेव्हा बुरहाननं फौज नेऊन पाथरी घेतली आणि भाऊबंदांना इनाम दिली. साल १५१८. तिकडे माक्सिमिलियनचा पंडित ट्रॉय शोधत होता, त्याच वर्षी इकडे एक सुलतान कुलकर्णीपणासाठी लढत होता. आणखी गंमत अशी की ज्याच्याशी लढला त्या इमादशाहचे वडील फतहुल्लाही फिरिश्ताच्या सांगण्यानुसार विजयनगरकडचे, जन्मानं ब्राह्मणच.

जास्त उत्पन्नाचा मुलूख द्यायला तयार असलेला राजा पाथरीसाठी अडून बसतो, याचा अर्थ पैशात लावता येत नाही. सीमेवरचं ठाणं म्हणूनही पाथरीची किंमत असेल, ती मी नाकारत नाही. तरी भाऊबंद सांगतात आणि सुलतान ऐकतो, हे उरतंच. धर्म बदलून दोन पिढ्या उलटल्या होत्या. चुलत घराणं आणि वतन तरीही आपलं होतं, आणि ते आपलं म्हणायला त्याला लाज वाटली नव्हती. लाज वाटली ती पुढच्या पिढ्यांना, दरबारी लेखक ठेवणाऱ्यांना.

वर्गात गोष्ट संपल्यावर त्या मुलानं नकाशात पाथरी शोधली. गोदावरीवर बोट ठेवून तो नाशिकपासून खाली खाली गेला आणि म्हणाला, "सर, हे तर आपल्याच नदीला लागून आहे." मग त्यानं घरी जाऊन दादीला गाव विचारलं. दुसऱ्या दिवशी वहीत तालुका आणि गावाचं नाव लिहून आणलं, पुढे कंसात 'पिंजारी, गाद्या भरायचे'.

चाचांची फ्रेम अजून भिंतीवरच आहे. मी सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. चहा आला तेव्हा एवढंच म्हणाले की मुलाणकीची सनद दादाजींच्या पत्र्याच्या पेटीत होती, पेटी निफाडच्या फुफीकडे असेल, आणि रविवारी मला वेळ आहे का.